कोरियात शिकवायला येताय? आधी काय, मग काय

फेब्रुवारीचा शेवट आणि ऑगस्टचा शेवट, वर्षातून या दोन वेळी माझा फोन हमखास वाजतो. कोरियात सत्रं मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, त्यामुळे शिकवायला येणारी माणसंही त्याच सुमारास उतरतात. पलीकडून पुण्याचं, नागपूरचं, कोल्हापूरचं कुणीतरी म्हणतं, "ताई, येऊन पंधरा दिवस झाले, अजून बँकेत खातं नाही, फोन नंबर नाही, पगार कुठे जमा होणार तेही कळत नाही." मी देगूच्या एका विद्यापीठात शिकवते आणि सांगायचं ते दर वेळी एकच असतं. इथलं कुठलंच काम अवघड नाही, पण प्रत्येक काम त्याच्या आधीच्या कामाला बांधलेलं आहे. क्रम चुकला की माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहतो. म्हणून तो क्रमच इथे लिहून काढला आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी व्हिसा नीट समजून घ्या, कारण यात लोक फसतात. खासगी क्लासेसना इथे हागवॉन म्हणतात. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीयांसाठी वाट वेगळी आहे. १ जानेवारी २०१० ला लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येता येतं. विद्यापीठात शिकवायला येणाऱ्यांचा व्हिसा ई-१. "विद्यार्थी व्हिसावर या, हागवॉनमध्ये चिकटवून देतो" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला लगेच नाही म्हणा. पकडलं गेलं तर परत पाठवतात, आणि पुढे पुन्हा येणंही कठीण होऊन बसतं.

पदवी प्रमाणपत्राचं राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का, आणि पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र हे सगळं भारतात असतानाच उरकून घ्या. इथे आल्यावर लागलं तर मूळ कागद कुरियरने घरी पाठवावे लागतात आणि मग आई-वडिलांना रांगा लावाव्या लागतात. प्रत्येकाची एक जास्तीची प्रत करून आणा.

सामानाबद्दल थोडंच सांगते. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण भिंतीत गोल दोन पिनांची जागा असते, त्यामुळे आपली तीन पिनांची उपकरणं बसत नाहीत. कुकर आणणार असाल तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचाच आणा, कारण खोलीत बहुतेक वेळा गॅस नसतो आणि अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. गोडा मसाला, हिंग, काळा मसाला आणा. ताजी फळं, रोपं, बिया, मटणाचे पदार्थ आणू नका, विमानतळावर अडवतात. नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर ते घरीच ठेवा, अमली पदार्थांबाबत इथे अजिबात सूट नाही.

पहिला महिना

विमानतळावर दुकानातच टी-मनी कार्ड घ्या. बस, मेट्रो आणि बऱ्याच टॅक्सींनाही ते चालतं, आणि रोख देऊन कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात भरता येतं. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. ते विसरलात तर पुढच्या बसला किंवा मेट्रोला जोडून मिळणारी सवलत जाते. फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. गुगलचे नकाशे इथे पायी रस्ता नीट दाखवत नाहीत, हे उतरल्यावर पहिल्याच चौकात कळतं.

आता खरा क्रम. निवासी कार्ड, मग बँक, मग फोन, मग बाकी सगळं.

निवासी कार्डासाठी ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करावी लागते. हायकोरिया या सरकारी संकेतस्थळावर वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि सत्राच्या सुरुवातीला या वेळा भराभर संपतात. सामान उघडण्याआधी वेळ घ्या, असं मी सांगते ते अक्षरशः. कार्ड हातात यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत पासपोर्टवर मिळणारं प्रीपेड सिम वापरा, आणि पहिल्या महिन्यापुरते पैसे भारतातूनच घेऊन या. घर बदललं तर पंधरवड्याच्या आत नवा पत्ता कळवावा लागतो. अडलं तर १३४५ वर फोन करा, इमिग्रेशनची ती हेल्पलाइन इंग्रजीतही बोलते.

कार्ड आलं की बँकेत जा. इथे मी थोडी थांबते, कारण याच ठिकाणी मराठी माणसाचा पाय अडकतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव नि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी. कोरियन नाव साधारण तीन अक्षरी असतं, इथले अर्ज त्याच मापाने बनलेले. माझ्या वेळी बँकेने माझं पूर्ण नाव जागा न सोडता सलग टाकलं आणि शेवट कापला गेला. फोनच्या दुकानाने तेच नाव मधे मोकळ्या जागा सोडून टाकलं. दोन्हीकडे मीच होते, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. कोरियात ऑनलाइन काहीही करायचं, गाडीचं तिकीट असो की घरपोच किराणा, तर फोन नंबरवरून ओळख पटवावी लागते, आणि ती नाव हुबेहूब जुळलं तरच पटते. चार महिने मी बसची तिकिटं खिडकीवर जाऊन काढली. उपाय साधा आहे. निवासी कार्ड काउंटरवर ठेवा, छापलेल्या नावावर बोट ठेवून दाखवा, आणि तेच, तितक्याच मोकळ्या जागांसह टाका असं सांगा. समोरच्या माणसाने टाइप केलेलं पडद्यावर स्वतः वाचून पाहा. मगच सही करा. फोनच्या दुकानातही अगदी हेच करा.

पहिली पगारपावती आली की दोन ओळी तपासा. आरोग्य विम्याचा निम्मा हप्ता संस्था भरते आणि निम्मा तुमच्या पगारातून जातो, राष्ट्रीय पेन्शनचंही तसंच. भारत आणि कोरियामधला सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू आहे आणि भारतीयांना कायमचं परत जाताना पेन्शनची भरलेली रक्कम मागता येते. त्याचा अर्ज निघायच्या आधी करा. विमा सुरू झाल्यावर दवाखान्याची भीती बाळगू नका. गल्लीतल्या लहान दवाखान्यात वेळ न ठरवता जाता येतं आणि खालच्याच मजल्यावर औषधाचं दुकान असतं. आणीबाणीत ११९, पोलिसांसाठी ११२.

घर

शाळेने घर दिलं असेल तर उत्तम. स्वतः घेणार असाल तर मोठी अनामत आणि दरमहा भाडं, म्हणजे वोल्से, हाच प्रकार घ्या. जोन्से नावाच्या पद्धतीत महिन्याचं भाडं नसतं, पण घराच्या किमतीचा मोठा भाग अनामत म्हणून द्यावा लागतो. त्यात फसवणुकीची मोठी प्रकरणं गाजली आहेत, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. भाडेकरारावर तारखेचा अधिकृत शिक्का मारून घ्या, अनामतीचं संरक्षण त्यावरच उभं असतं.

कोरियन घर खालून तापतं. जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप गेलेले असतात, आणि जानेवारीत त्या फरशीवर पाठ टेकण्यासारखं सुख नाही. पण भिंतीवरचा बॉयलर हिवाळ्यात कधीच पूर्ण बंद करायचा नाही. पहिल्या सोल्लालच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या चांद्र नववर्षात, मी चार दिवस बाहेर गेले आणि घर सोडताना आपण गॅस बंद करतो तसा तो बंद केला. परत आले तेव्हा नळाला पाणी नव्हतं, पाइप गोठले होते. बॉयलरवर 'वेचुल' असं लिहिलेलं एक बटण असतं, त्याचा अर्थ 'बाहेर गेलोय'. ते दाबून जायचं, म्हणजे पाणी गोठणार नाही इतकी ऊब राहते.

कचरा हा इथल्या शेजारधर्माचा भाग आहे. १९९५ पासून देशभर ठरावीक पिशव्यांची पद्धत आहे. तिला जोंगन्यांगजे बोंगथू म्हणतात, ती तुमच्या भागातल्या दुकानातच विकत घ्यायची आणि साधा कचरा तिच्यातच टाकायचा. कागद, काच, प्लास्टिक, डबे वेगळे. उरलेलं अन्न त्याहून वेगळं, बऱ्याच इमारतींत ते यंत्रात वजन करून टाकावं लागतं आणि वजनाप्रमाणे पैसे लागतात. आपली चूक होते ती या शेवटच्या डब्यात. ओळखायची खूण अशी की जे जनावर खाऊ शकेल तेच अन्नाचा कचरा. म्हणून कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी आणि गाळणीत उरलेला चहाचा चोथा हे सगळं साध्या पिशवीत. घरात दोन वेळचा चहा होत असेल तर हा चोथा रोजचाच प्रश्न आहे. तो निथळून, कोरडा करून टाका.

लिपी आठवडाभरात शिका

हे मी विनंती करून सांगते. राजा सेजोंगने १४४३ मध्ये घडवलेली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवलेली हांगूल ही लिपी मराठी माणसाला जितकी लवकर येते तितकी आपल्याबरोबर उतरलेल्या अमेरिकन सहकाऱ्याला येत नाही. व्यंजनाला स्वर जोडत जायचं, ही तर आपली बाराखडीच. ज्या उच्चारांशी इंग्रजी बोलणारे महिनोन् महिने झगडतात ते आपल्या कानाला सरावाचे आहेत. 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा. त आणि थ यांतला फरक आपण तिसऱ्या वर्षीच शिकलेलो असतो. तिसरा एक आवळून म्हणायचा 'त्ताल' आहे, म्हणजे मुलगी, तो तेवढा घोटावा लागतो.

वाक्यरचनाही आपलीच. 'नानुन पाबुल मोगोयो', ना म्हणजे मी, पाब म्हणजे भात, मोगोयो म्हणजे खाते. क्रियापद शेवटी, आणि शब्दाला मागून जोडलेले प्रत्यय. मनातल्या मनात इंग्रजीत वाक्य करून मग कोरियनमध्ये नेऊ नका, सरळ मराठीतून न्या. आई-बाबांना लहान मुलं ओम्मा-आप्पा म्हणतात, हे पहिल्यांदा बागेत ऐकलं तेव्हा मी वळून पाहिलं होतं.

वर्गात

शिक्षकाला 'सोनसेंगनिम' म्हणतात, विद्यापीठात 'ग्योसुनिम'. वहीत, हजेरीपटावर, फळ्यावर कुठेही कुणाचं नाव लाल शाईने लिहू नका, इथे ते मृत्यूशी जोडलेलं आहे. कागद देता-घेताना दोन्ही हात वापरा. ही सवय आपल्याला मोठ्यांसमोर असतेच, इथे ती सगळ्यांसमोर ठेवायची.

पहिल्या तासाला प्रश्न विचारला की वर्ग गप्प बसतो. त्या शांततेचा अर्थ कंटाळा किंवा अडाणीपणा असा लावू नका. सगळ्यांदेखत चुकायला नको, आणि इतरांच्या आधी पुढे जायला नको, हे त्यामागे असतं. मी आधी दोघादोघांना आपसात बोलायला तीन मिनिटं देते आणि मग विचारते. तीच मुलं मग बोलतात.

विद्यार्थ्याकडून काहीही घेऊ नका. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू असलेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात खासगी संस्थांतले शिक्षकही येतात. तो लागू झाल्या झाल्या पहिली तक्रार आली होती ती प्राध्यापकाला विद्यार्थ्याने दिलेल्या कॉफीच्या एका डब्याची. १५ मे हा शिक्षकदिन, सेजोंगचा जन्मदिवस. त्या दिवशी हाताने लिहिलेलं पत्र आलं तर ते मात्र जपून ठेवा.

शाळेत जाणाऱ्यांनी आत घालायच्या चपला न्याव्यात आणि दुपारचं जेवण मुलांबरोबरच घ्यावं. संध्याकाळच्या सहकाऱ्यांच्या जेवणाला, होसिकला, निदान पहिल्या काही वेळा जा. दारू घेत नसाल तर तसं सांगा आणि पेल्यात सरबत घ्या, पण मोठ्यांच्या पेल्यात दोन्ही हातांनी ओता. नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. त्या दिवशी कार्यालयं उशिरा उघडतात आणि इंग्रजीच्या श्रवणपरीक्षेच्या वेळात देशभर विमानांची चढ-उतार थांबवतात. मुलांच्या डोक्यावर काय ओझं असतं ते त्या दिवशी दिसतं, वर्षभर त्यांच्याशी वागताना ते लक्षात ठेवा.

पोट

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून द्या, तुमची चैन आहे. शाकाहारी असाल तर 'गोगी ब्बे जुसेयो', मांस काढून द्या, एवढं म्हणून भागत नाही. हॅम आणि मासळीची वडी इथे 'मांस' या शब्दात मोजत नाहीत, आणि रस्सा बहुधा सुकट मासळीच्या पाण्यात केलेला असतो. किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. बिबिम्बाप आणि उन्हाळ्यात मिळणाऱ्या सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया त्यातल्या त्यात सोप्या, तरी विचारून घ्या. बौद्ध मठांतलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या आजीला ते ताट निःशंकपणे वाढता येईल.

डाळी, पिठं, मसाले सोलमध्ये इतेवोनच्या मशिदीभोवतीच्या दुकानांत मिळतात, ऑनलाइनही मागवता येतात. पण एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. कुठल्याही कोरियन बाजारात 'क्कान नोक्तू' मागा. इथे धिरड्यासारख्या पदार्थासाठी वापरतात ती ही सोललेली मुगाची डाळ. इथला तांदूळ चिकट, साधारण इंद्रायणीच्या वळणाचा. या दोन्हींची आसट खिचडी इतकी चांगली होते की मी आता बासमती आणतच नाही.

सुट्ट्या

मोठ्या सुट्ट्या दोन, सोल्लाल आणि चुसोक. दोन्ही तीन-तीन दिवसांच्या, आणि दोन्ही वेळी सगळा देश आपापल्या गावी निघतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी गत होते तीच इथल्या केटीएक्स या वेगवान रेल्वेची. तिकिटं काही आठवडे आधी ठरल्या दिवशी उघडतात आणि लगेच संपतात. सणाच्या ऐन दिवशी बरीचशी दुकानं बंद असतात, किराणा आधी भरून ठेवा. प्रवास करायचाच असेल तर गर्दीच्या उलट दिशेने करा. सगळे गावाकडे जात असतात तेव्हा सोलकडे येणाऱ्या गाडीत जागा मिळण्याची शक्यता जास्त. सणाच्या दिवसांत राजवाडे पाहायला सोल छान मोकळं असतं. एरवी ग्योंगबोक्कुंग हा राजवाडा मंगळवारी बंद असतो, तेवढं ध्यानात ठेवा. कोरियन पोशाख, हानबोक, भाड्याने घालून गेलात तर तिथे तिकीट लागत नाही.

चुसोक चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे आपल्या भाद्रपदाच्या किंवा आश्विनाच्या पौर्णिमेच्या आसपास. २०२४ मध्ये तो अनंत चतुर्दशीला आला आणि २०२५ मध्ये कोजागरीला. त्या दिवशी तांदळाच्या उकडीत तीळ-मधाचं नाहीतर कडधान्याचं सारण भरून, पाइनच्या पानांवर ठेवून सोंगप्योन वाफवतात. कुणी घरी बोलावलं तर ते वळायला बसा. मोदकाची पारी करता येणाऱ्या हाताचं तिथे फार कौतुक होतं.

पहिल्या सहलीसाठी मी सगळ्यांना ग्योंगजूला पाठवते. सिल्ला राज्याची ही राजधानी देगूहून बसने तासाभरावर आहे. केटीएक्सचं स्टेशन गावाबाहेर पडतं, म्हणून बसच बरी, ती थेट गावात, राजांच्या थडग्यांच्या हिरव्या टेकड्यांपाशी सोडते. पुल्गुक्सा मंदिर आणि वर डोंगरातली सोक्कुराम लेणी १९९५ पासून जागतिक वारसायादीत आहेत आणि २०२३ पासून दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. सोक्कुराम सकाळी लवकर गाठा. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाने तिथे काचेपलीकडच्या बुद्धाइतकंच त्याच्या माथ्यावरच्या घुमटाकडे पाहावं. आपण डोंगर आतून कोरत गेलो. इथे आठव्या शतकात ग्रॅनाइटचे दगड घडवून, एकमेकांत बसवून गुंफा रचली आणि वरून माती घातली. बुद्धाचा उजवा हात भूमीला स्पर्श करतो आहे. ती मुद्रा ओळखीची आहे, आणि त्याच्यासमोर पूर्वेकडे समुद्र आहे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सोराक्सान डोंगरावरची रंगलेली पानं, पण शनिवार-रविवारी नको, पायवाटेवर रांग लागते. जेजू बेटावरचा हाल्लासान १९४७ मीटर, कळसूबाईहून तीनशे मीटर उंच. शिखरापर्यंत जाणाऱ्या वाटांसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि दुपारी ठरावीक वेळेनंतर वर सोडत नाहीत. १५ ऑगस्टला सुट्टी असते, १९४५ साली त्या दिवशी कोरिया जपानच्या ताब्यातून सुटला. आपलाही झेंडा त्याच दिवशी, त्यामुळे शहरभर लागलेले झेंडे पाहून परकं वाटत नाही.

आणि बुसानला गेलात तर समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस वाचवून जवळच्या किम्हे गावाला जा. सासांग स्टेशनवरून छोटी मेट्रो जाते. सामगुक युसा या तेराव्या शतकातल्या ग्रंथात अशी कथा आहे की आयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे इथे आली आणि राजा सुरोची राणी झाली, तिचं नाव हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं पुष्कळजण मानतात, अभ्यासकांत त्यावर वाद आहे. राणीच्या थडग्याच्या आवारात एका छपराखाली लालसर छटेच्या दगडांचा लहानसा, ओबडधोबड मनोरा आहे. वादळ शमावं म्हणून तिने तो जहाजातून आणला असं सांगतात. आवारात फारशी गर्दी नसते, बाकावर निवांत बसता येतं. किम्हेचं संग्रहालय सोमवारी बंद, म्हणून रविवारी जा. तिथून राजाचं थडगं पायी जाण्यासारखं आहे आणि पुढे दोंगसांग-दोंगचा बाजार, जिथे दक्षिण आशियातून आलेल्या कामगारांसाठीची दुकानं आहेत. पाठीवरची पिशवी मोठी न्या, तूरडाळ आणि मोहरी तिथूनच भरून आणता येते.